मत दिलं हाच गुन्हा: सुझन अँथनी यांच्या खटल्याची पूर्ण हकीकत

१ नोव्हेंबर १८७२, शुक्रवार. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात आठव्या वॉर्डाची मतदार नोंदणी एका न्हाव्याच्या दुकानात चालू होती, आणि त्या दिवशी सकाळच्या पेपरात आवाहन आलं होतं की आजच नाव नोंदवा, हा हक्क जर तुमच्याकडे नसता तर तो मिळवायला तुम्ही लढला असता, जीवावर उदार झाला असता. आवाहन अर्थातच पुरुषांना होतं. पण ते वाचलं बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ५२ वर्षांच्या सुझन बी. अँथनी यांनी, आणि त्या आपल्या तीन बहिणींना घेऊन थेट त्या दुकानात गेल्या, म्हणाल्या आमची नावं लिहून घ्या.

टेबलाशी तीन इन्स्पेक्टर बसलेले, बेव्हर्ली जोन्स, एडविन मार्श आणि विल्यम हॉल. बिचारे गडबडले. सुझनबाईंनी त्यांना घटनेतली चौदावी दुरुस्ती वाचून दाखवली, राज्याच्या घटनेतलं मतदाराचं कलम वाचून दाखवलं आणि विचारलं की यात आम्हाला नाही म्हणणारी ओळ कुठली ते दाखवा. इन्स्पेक्टर तरी नाही म्हणायला लागले तेव्हा बाईंनी सरळ सांगितलं की नाव घेतलं नाहीत तर तुमच्या प्रत्येकावर मी व्यक्तिशः नुकसानभरपाईचा दावा लावीन आणि माझे वकील कोण आहेत तेही ऐकून ठेवा. तिघांत चर्चा झाली, दोन रिपब्लिकन हो म्हणाले, तिसरा डेमोक्रॅट हॉल नाही म्हणाला, आणि दोन विरुद्ध एक अशी बायकांची नावं यादीत चढली. बातमी फुटली तशी शहरभरच्या बायका निघाल्या आणि रॉचेस्टरमध्ये पन्नासच्या आसपास बायकांनी नोंदणी केली.

अमेरिकेतल्या बायकांच्या मताधिकाराचा विषय निघाला की आपल्याकडे लोकं डायरेक्ट १९२० वर येतात, बायकांना मत देणारी घटनेची एकोणिसावी दुरुस्ती, टेनेसीत एका मताने पास झाली वगैरे. ते सगळं खरंच आहे, पण माझ्या मते या लढ्यात नेमकं घोडं कुठे अडत होतं हे समजून घ्यायचं असेल तर ही रॉचेस्टरची केस पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला हवी, कारण यात बाईंच्या मूळ प्रश्नाला उत्तर देण्याची वेळच कोणी येऊ दिली नाही, एकेक दार हळूच लावून घेतलं, आणि त्यातलं एक दार तर त्यांच्या स्वतःच्या वकिलाने लावलं, तेही चांगुलपणाने.

आधी मुद्दा काय होता ते. यादवी युद्ध संपल्यावर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली, मुख्यतः गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी. तिचं पहिलं कलम म्हणतं की अमेरिकेत जन्मलेली किंवा रीतसर नागरिक झालेली प्रत्येक व्यक्ती ही नागरिक आहे आणि नागरिकांचे विशेष हक्क कुठल्याही राज्याला कमी करता येणार नाहीत. आता बाई ही व्यक्ती आहे की नाही? आहे. मग नागरिक आहे. आणि लोकशाहीत मत देणं हा नागरिकाचा पहिला हक्क नसेल तर मग कुठला? सेंट लुईसचं एक नवरा-बायकोचं जोडपं, फ्रान्सिस मायनर (हे स्वतः वकील) आणि व्हर्जिनिया मायनर, यांनी १८६९ मध्ये हा युक्तिवाद मांडला. म्हणजे नवीन कायदा मागत बसायची गरज नाही, हक्क ऑलरेडी घटनेत आहे, फक्त जाऊन वापरायचा. दुसरी बाजूही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात मतदारांच्या संदर्भात 'पुरुष' हा शब्द घटनेत पहिल्यांदा घातला गेला, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश, रंग आणि आधीची गुलामी या कारणांवरून मत नाकारायला बंदी केली पण लिंगाचं नाव काढलं नाही.

याच वेळी चळवळीत मोठी फूट पडली, तीही इथेच सांगायला हवी. सुझनबाई आणि त्यांच्या जन्माच्या मैत्रीण एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी पंधराव्या दुरुस्तीला विरोध केला, म्हणाल्या बायकांना वगळून नको, आणि त्या वादात स्टँटनबाई काळ्या आणि परदेशातून आलेल्या पुरुषांबद्दल जे बोलल्या लिहिल्या ते आज वाचवत नाही. फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून सुटलेला मोठा काळा नेता, जो स्वतः रॉचेस्टरमध्येच राहायचा आणि बायकांच्या मताधिकाराचा पहिल्यापासूनचा पाठीराखा, त्याच्याशी १८६९ च्या सभेत जाहीर खटका उडाला आणि संघटनेचे दोन तुकडे झाले, ते पुढे १८९० मध्ये जोडले गेले. सुझनबाईंबद्दल मला कितीही आदर असला तरी हा भाग गाळून त्यांची गोष्ट सांगणं मला पटत नाही.

तर परत १८७२ कडे. नोंदणी झाल्यावर मतदानाच्या आधी सुझनबाई हेन्री सेल्डन यांच्याकडे गेल्या. सेल्डन म्हणजे लहानसहान माणूस नव्हे, राज्याच्या सर्वोच्च अपील कोर्टाचे माजी न्यायाधीश, त्याआधी राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर. त्यांनी कागदपत्रं अभ्यासली आणि सांगितलं की माझ्या मते तुम्हाला मताचा हक्क आहे. हा सल्ला पुढे कोर्टात फार महत्त्वाचा ठरायला हवा होता. ५ नोव्हेंबरला सकाळी सकाळी सुझनबाईंनी मत दिलं. मतदानाला आक्षेप घेतला गेला, नियमाप्रमाणे त्यांना शपथ घालण्यात आली, त्यांनी शपथ घेतली आणि इन्स्पेक्टरनी चिठ्ठ्या पेटीत टाकल्या. त्या वॉर्डात त्यांच्याबरोबर आणखी १४ बायकांनी मत दिलं. घरी येऊन त्यांनी स्टँटनबाईंना पत्र लिहिलं की अगं झालं, मी करून बसले एकदाचं, मत देऊन आले. त्या पत्रातला आनंद अगदी शाळकरी मुलीसारखा आहे.

त्याच निवडणुकीत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात सोजर्नर ट्रुथही मत द्यायला गेली होती, गुलामीत जन्मलेली, तोपर्यंत देशभर गाजलेली वक्ती. तिला परत पाठवलं. तिच्यावर केसही झाली नाही, कारण मत पडलंच नाही तर गुन्हा कसला. आणि १८७१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मेरी ॲन शॅड कॅरी ही काळी शिक्षिका-पत्रकार इतर साठ-एक बायकांबरोबर नोंदणीला गेली होती, तिथेही नकार. म्हणजे रॉचेस्टरच्या बायका एकट्या नव्हत्या, फरक इतकाच की इथे तीन इन्स्पेक्टरांपैकी दोघं हो म्हणाले आणि मत पेटीत पडलं.

तक्रार केली सिल्व्हेस्टर लुईस नावाच्या माणसाने आणि वॉरंट निघालं. १८ नोव्हेंबरला एक डेप्युटी मार्शल मॅडिसन स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरी आला, फार अदबीने, म्हणे कमिशनर साहेबांना तुम्हाला भेटायचंय, सवडीने या. सुझनबाई म्हणाल्या पुरुषांना तुम्ही अशी अटक करता का? नाही ना, मग मलाही रीतसर करा. हात पुढे केले बेड्यांसाठी. तो बेड्या घालायला तयार होईना. मग दोघं घोड्याच्या ट्राममधून निघाले आणि कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायला आला तेव्हा बाईंनी मार्शलकडे बोट दाखवून मोठ्याने सांगितलं की मी सरकारी खर्चाने प्रवास करतेय, यांच्याकडून घ्या.

आता कलम कुठलं लावलं ते बघा, मला या केसमध्ये सगळ्यात जास्त चीड इथे येते. १८७० चा एन्फोर्समेंट ॲक्ट. हा कायदा आणला होता दक्षिणेत काळ्या पुरुषांना मत देऊ न देणाऱ्या, धमकावणाऱ्या लोकांना आवरायला, त्यात बेकायदा मतदानाचंही एक कलम होतं, ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मताचा हक्क राखण्यासाठी केलेला कायदा, तो मत दिलं म्हणून बाईवर लावला. आरोपपत्राचा मजकूर असा की या व्यक्तीने जाणूनबुजून, चुकीने आणि बेकायदा, काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधीसाठी मत दिलं, मताचा कायदेशीर हक्क नसताना, कारण ती त्या वेळी स्त्री जातीची व्यक्ती होती. 'त्या वेळी' म्हणजे काय, नंतर बदलणार होत्या का? पण सरकारी भाषेत असंच लिहितात आणि त्यातला 'जाणूनबुजून' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बेल ५०० डॉलर ठरला. बाकीच्या बायकांनी भरला, सुझनबाईंनी भरला नाही. हट्ट नव्हता, विचार होता. त्या कोठडीत असतील तर हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ही कैद बेकायदा आहे, मला सोडा असा, अर्ज करता येतो, तो फेटाळला तर वर सुप्रीम कोर्टापर्यंत जाता येतं, आणि मूळ प्रश्न, नागरिक बाईला मत आहे की नाही, देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टापुढे जातो. जानेवारी १८७३ मध्ये ऑल्बनीला जिल्हा न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला आणि बेल १००० डॉलर केला. सुझनबाई म्हणाल्या भरणार नाही, जेलमध्ये जाते. आणि इथे सेल्डन साहेबांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरून टाकले. बाहेर आल्यावर दुसरे वकील जॉन व्हॅन व्हूरिस भेटले, ते म्हणाले अहो तुमचा सुप्रीम कोर्टाचा रस्ता गेला. सुझनबाई धावत परत गेल्या बेल रद्द करायला, उशीर झाला होता. सेल्डन यांचं म्हणणं इतकंच की एका सभ्य बाईला जेलमध्ये जाताना मला बघवेना.

मी या जागी बराच वेळ थांबते दरवेळी. सेल्डन वाईट माणूस नाही, बाईंच्या बाजूने उभा राहिलेला त्या काळातला दुर्मिळ मोठा माणूस, सगळा युक्तिवाद त्यानेच केला. पण बाईने घेतलेला निर्णय हा तिचा निर्णय आहे, तिला कळतंय ती काय करतेय, तिला जेल हवीय आणि का हवीय हे तिने सांगितलंय, हे त्यालाही मान्य करवलं नाही, त्याने परस्पर तिची काळजी घेतली. आपल्या घराघरात हे चालतं, तुला त्रास नको म्हणून मीच करून टाकलं. मताचा हक्क नाकारणाऱ्यांपेक्षा मला हा प्रकार जास्त ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच जास्त टोचतो.

असो. खटल्याची वाट बघत बसतील तर त्या सुझनबाई कसल्या. मार्चमध्ये शहराची निवडणूक झाली तेव्हा त्या जाऊन परत मत देऊन आल्या, आरोपी असताना! आणि ज्युरी मनरो काउंटीतले, म्हणजे रॉचेस्टरच्या जिल्ह्यातले, पुरुष असणार म्हणून त्या काउंटीच्या सगळ्या २९ टपाल-विभागांत सभा घेतल्या, विषय एकच, नागरिकाने मत देणं हा गुन्हा आहे का. थंडीत, गाडीरस्त्याने, गावोगाव. सरकारी वकील रिचर्ड क्राउली याला वाटलं की असं चाललं तर इथे बारा माणसं दोषी म्हणणारी मिळायची नाहीत, म्हणून त्याने केस शेजारच्या ऑन्टॅरिओ काउंटीत हलवून घेतली, कॅननडेग्वा गावी. मग बाईंनी तिथे सुरू केलं. वेळ कमी होता म्हणून माटिल्डा जॉस्लिन गेज ही कार्यकर्ती मदतीला आली, दोघींनी गावं वाटून घेतली, सुझनबाईंनी २१ ठिकाणी आणि गेजबाईंनी १६ ठिकाणी भाषणं केली. लोकांशी बोलून पटवता येतं हा केवढा विश्वास! आणि पुढे काय झालं तर त्या लोकांना विचारलंच गेलं नाही.

१७ जून १८७३, कॅननडेग्वाचं कोर्ट, गर्दी भरपूर. माजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर सुद्धा बघायला आलेले. जज वॉर्ड हंट, सुप्रीम कोर्टावर नुकतीच नेमणूक झालेले, त्या काळच्या पद्धतीने फिरतीवर खालच्या कोर्टात बसलेले. ज्युरीत बारा पुरुष, बाई ज्युरीत असायचा प्रश्नच नव्हता.

सेल्डन यांनी सुझनबाईंना साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलाने हरकत घेतली की ही साक्षीला पात्र नाही. जजने हरकत मान्य केली. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात तेव्हा आरोपीला स्वतःसाठी साक्ष देता येत नसे, हे बदललं १८७८ मध्ये. पण त्याच कोर्टात दुसऱ्या एका सरकारी माणसाला उभं करून सुझनबाई आधीच्या चौकशीत काय बोलल्या होत्या हे मात्र सांगू दिलं! म्हणजे बाईचं म्हणणं दुसऱ्या पुरुषाच्या तोंडून चालतं, तिच्या तोंडून नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी सेल्डन यांना स्वतःच साक्षीला उभं राहून सांगावं लागलं की हो, त्यांनी माझा सल्ला घेतला होता आणि मीच सांगितलं होतं हक्क आहे म्हणून.

मग सेल्डन यांचा तीन तासांचा युक्तिवाद. त्यात एक साधी गोष्ट त्यांनी सांगितली की हीच कृती, याच परिस्थितीत, हिच्या भावाने केली असती तर ती स्तुत्य ठरली असती, बहिणीने केली म्हणून गुन्हा, म्हणजे गुन्हा कृतीत नाहीच, करणारी बाई आहे यात आहे. दुसरा मुद्दा त्या 'जाणूनबुजून' शब्दाचा. कायदा म्हणतो जाणूनबुजून बेकायदा मत दिलं तर गुन्हा. बाईंनी एका माजी न्यायाधीशाला विचारून, आपला हक्क आहे असं मनापासून मानून मत दिलं, मग हे जाणूनबुजून कसं? निदान हा प्रश्न तरी ज्युरीचा होता, माणसाच्या मनात काय होतं हे ठरवायलाच तर ज्युरी असते.

सरकारी वकीलही दोन तास बोलला. आणि तो बसल्याबरोबर जज हंट यांनी एक कागद काढला. लिहून आणलेला. दोन्ही बाजूंचा एवढा युक्तिवाद झाला त्याचा विचार करायला एक मिनिट घेतला नाही, निकाल आधीच लिहिलेला होता. त्यात म्हटलं होतं की चौदाव्या दुरुस्तीने बाईला मत मिळत नाही, मताचा विषय राज्यांचा आहे, आणि आपण बाई आहोत हे आरोपीला ठाऊक होतं तेवढं 'जाणूनबुजून' व्हायला पुरे आहे, कायद्याबद्दल तिची समजूत काय होती याला किंमत नाही. शेवटी ज्युरीकडे वळून सांगितलं की तुम्ही दोषी असा निर्णय द्या. सेल्डन उठले, म्हणाले फौजदारी केसमध्ये जजला असं सांगायचा अधिकार नाही. जजने क्लार्कला निर्णय नोंदवायला लावला. सेल्डन म्हणाले निदान एकेका ज्युरीला विचारा. नाही म्हणाले, आणि ज्युरीला घरी पाठवलं. बारा माणसांनी तोंड सुद्धा उघडलं नव्हतं आणि त्यांच्या नावावर निर्णय लागला.

दुसऱ्या दिवशी फेरखटल्याचा अर्ज आला, फेटाळला. आणि मग जजने रिवाजाप्रमाणे विचारलं की शिक्षा का सुनावू नये याबद्दल आरोपीला काही बोलायचंय का. फॉर्मॅलिटी होती. ती विचारायला नको होती असं नंतर त्यांना शंभर टक्के वाटलं असणार.

सुझनबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या हो, पुष्कळ बोलायचंय, तुम्ही हुकूम देऊन घेतलेल्या या दोषी निर्णयाने आपल्या राज्यपद्धतीचं एकेक तत्त्व पायदळी तुडवलंत. माझे नैसर्गिक हक्क, नागरी हक्क, राजकीय हक्क, न्यायाचे हक्क सगळे गेले, मी नागरिक उरले नाही, प्रजा झाले. जज म्हणाले तुमच्या वकिलांनी तीन तास घेतलेत, तेच परत ऐकणार नाही. त्या म्हणाल्या मी वाद घालत नाहीये, शिक्षा का देता येत नाही त्याची कारणं सांगतेय. जज म्हणाले कोर्ट पुढे बोलू देणार नाही. त्या म्हणाल्या अटक झाल्यापासून माझ्या बाजूने मला किंवा माझ्या वर्गातल्या कोणाला एक शब्द बोलू दिलाय तो आत्ता पहिल्यांदा. जज म्हणाले आरोपीने खाली बसावं. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या तक्रार करणाऱ्या वॉर्डातल्या कोपऱ्यावरच्या राजकारण्यापासून ते मार्शल, कमिशनर, सरकारी वकील आणि तुमच्यापर्यंत यातला एकही माझ्या बरोबरीचा नाही, सगळे माझे राज्यकर्ते आहात.

जजने शेवटी सांगितलं की तुमचा खटला कायद्याने ठरलेल्या रीतीने चाललाय. त्यावर त्या म्हणाल्या हो, पण त्या रीती पुरुषांनी केलेल्या, पुरुषांनी अर्थ लावलेल्या, पुरुषांनी राबवलेल्या, पुरुषांच्या बाजूच्या आणि बायकांच्या विरुद्ध. आणि मग त्यांनी आठवण करून दिली की काल-परवापर्यंत याच रीतींनी कॅनडाकडे पळणाऱ्या गुलामाला घोटभर पाणी, भाकरीचा तुकडा किंवा रात्रीचा आसरा देणं हा गुन्हा होता, १००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद, आणि ज्याच्या अंगात माणुसकी होती त्या प्रत्येकाने तो कायदा मोडला. जसं गुलामांना स्वातंत्र्य त्या रीतींच्या वरून, खालून नाहीतर आरपार जाऊन घ्यावं लागलं तसं बायकांनाही घ्यावं लागेल, मी माझं घेतलंय आणि मिळेल त्या प्रत्येक संधीला घेणार आहे. हा १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा कोणाच्या सहीने लागू झाला माहितीये? मिलर्ड फिलमोर. तेच, जे हा खटला बघायला येऊन बसले होते.

बाई अखेर बोलायचं ते बोलून खाली बसल्या, म्हणाल्या मला दया नको, कायद्याची पूर्ण सक्ती हवी. आणि जज म्हणाले आरोपीने उभं राहावं. इतका वेळ बसा म्हणत होते तेव्हा त्या उभ्या होत्या, आता बसल्या तर उभ्या राहा. शिक्षा ठोठावली, १०० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च. त्या म्हणाल्या तुमच्या या अन्यायी दंडातला एक डॉलरही मी कधी भरणार नाही. माझ्याकडे आहे काय तर १०,००० डॉलरचं कर्ज, माझं साप्ताहिक चालवताना झालेलं, ते मी पै न पै फेडीन, पण हे नाही.

आता जजचं शेवटचं वाक्य बघा. बाई, दंड भरेपर्यंत तुम्हाला कैदेत ठेवा असा हुकूम हे कोर्ट देणार नाही.

ऐकायला किती मवाळ. पण कैद नाही म्हणजे हेबियस कॉर्पस नाही, आणि फेडरल फौजदारी शिक्षेवर तेव्हा आजच्यासारखं साधं अपील नव्हतं, म्हणजे सुप्रीम कोर्टाचं उरलंसुरलं दारही लागलं. त्या हंट साहेबांना कायदा नीट माहीत होता, त्यांनी ही दया म्हणून केलेली नाही हे माझं ठाम मत आहे. साक्ष द्यायची नाही, ज्युरीला विचारायचं नाही, जेलमध्ये टाकायचं नाही, आणि वर जाऊ द्यायचं नाही. दंड कोणी वसूलही केला नाही. बाईंनी १८७४ मध्ये काँग्रेसकडे दंड रद्द करायचा अर्ज केला, तो मंजूर झाला नाही.

आणि त्या इन्स्पेक्टरांचं काय? बाकीच्या १४ बायकांवरच्या केसेस सरकारने सोडून दिल्या, पण इन्स्पेक्टरांवर लगेच त्याच जजसमोर खटला चालला, प्रत्येकी २५ डॉलर दंड. जोन्स आणि मार्श यांनी भरायला नकार दिला. तर फेब्रुवारी १८७४ मध्ये या दोघांना खरोखर जेलमध्ये टाकलं. जिला जेल हवी होती तिला दिली नाही आणि ज्यांनी फक्त शपथ घेतलेल्या मतदाराची चिठ्ठी पेटीत टाकली ते आत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर इथे चोरही नव्हता. ज्या बायकांची मतं त्यांनी घेतली होती त्या रोज त्यांच्यासाठी जेलमध्ये जेवण घेऊन जायच्या. सुझनबाईंनी ओळखीच्या सिनेटरांमार्फत हालचाल केली आणि काही दिवसांत राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दोघांना माफी दिली. या दोन माणसांची नावं फार कोणाला माहीत नसतात, मला वाटतं असायला हवीत.

मूळ प्रश्न सुप्रीम कोर्टात पोचला पण वेगळ्या वाटेने. त्या व्हर्जिनिया मायनर, सेंट लुईसमध्ये त्यांना ऑक्टोबर १८७२ मध्येच रजिस्ट्रार हॅपरसेट याने नोंदणीला नकार दिला होता, त्याच्यावर त्यांनी दिवाणी दावा लावला. मिसुरीत लग्न झालेल्या बाईला एकटीने दावा लावता येत नव्हता म्हणून नवऱ्याला सोबत वादी करावं लागलं, हक्क मागायला सुद्धा नवऱ्याची सही! २९ मार्च १८७५ ला निकाल लागला, नऊच्या नऊ जज एकमताने, आणि त्या नवात वॉर्ड हंटही होते. निकाल असा की बाई नागरिक आहे, नक्कीच आहे, पण नागरिक असणं म्हणजे मताचा हक्क असणं नव्हे. संपला विषय. आहे त्या घटनेतून हक्क काढून घ्यायची वाट बंद, आता घटनाच बदलायची. ज्युरीला डावलून जजला दोषी ठरवता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १८९५ मध्ये दुसऱ्या एका केसमध्ये साफ सांगितलं, पण रॉचेस्टरच्या केसला त्याचा काय उपयोग.

जानेवारी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियाचे सिनेटर सार्जंट यांनी बायकांच्या मताची दुरुस्ती मांडली. सिनेटमध्ये पहिल्यांदा मतदान व्हायला १८८७ उजाडलं, १६ विरुद्ध ३४ ने पडली. तेव्हा आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी गेलेल्या, आणि परत आल्यावर त्यांनी मराठीत अमेरिकेवर जे पुस्तक लिहिलं त्यात तिथल्या बायकांच्या स्थितीवर भलंमोठं प्रकरण आहे, इथल्या वाचकाला हा लढा चालू असतानाच तो वाचायला मिळाला होता. सुझनबाई १३ मार्च १९०६ ला गेल्या, दुरुस्ती बघायला मिळाली नाही. १९१९ मध्ये काँग्रेसने पास केली आणि १८ ऑगस्ट १९२० ला टेनेसीच्या मंजुरीने पुरेशी राज्यं झाली. शब्द जवळपास १८७८ मध्ये मांडलेलेच. आणि तरीही दक्षिणेतल्या काळ्या बायकांना मत द्यायला भरावा लागणारा कर, लिहिता-वाचता येण्याच्या परीक्षा आणि सरळ सरळ दहशत यामुळे प्रत्यक्ष मत द्यायला बहुतेक ठिकाणी १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टपर्यंत थांबावं लागलं, ज्या सोजर्नर ट्रुथला परत पाठवलं होतं तिच्यासारख्यांच्या नातींना पणतींना.

१८ ऑगस्ट २०२० ला, त्या दुरुस्तीला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुझन अँथनी यांना मरणोत्तर माफी जाहीर केली. रॉचेस्टरमध्ये मॅडिसन स्ट्रीटवरचं त्यांचं घर आता म्युझियम आहे, तिथल्या लोकांनी ती माफी घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की माफी स्वीकारली म्हणजे १८७३ चा तो खटला खरा होता असं मान्य केल्यासारखं होतं, आणि बाईंनी तो कधीच मान्य केला नव्हता, म्हणून तर दंड भरला नाही.